वणवा, ऊस आणि पहिले आठ तास

अहवालवर्षातील जमाखर्च, रुग्णसंख्या आणि शस्त्रक्रियांचा तपशील अन्यत्र दिलेला आहेच. त्यासोबत दरवर्षी आरोग्याशी निगडित अशा एखाद्या विषयाची माहिती देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यापुढे ठेवावी, असा प्रघात आहे. यंदा त्यासाठी वणवा हा विषय घेतला आहे. प्रस्तुत लेखक वैद्यकीय शाखेचा नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे वैद्यकीय मजकूर आपल्या डॉक्टर मंडळींकडून तपासून घेतला आहे आणि हिशेब तेवढे स्वतः केले आहेत.

तीर्थपुरीच्या रुग्णालयाने वणव्याविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. जालना जिल्ह्यात जंगल नावापुरतेच आहे. उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांची कड लागते, तेवढीच काय ती झाडी. आपल्या घनसावंगी तालुक्यात ना डोंगर, ना अरण्य. परंतु पैठणच्या डाव्या कालव्याचे पाणी शिवारात आले आणि त्यापाठोपाठ जे उभे राहिले, ते आगीच्या दृष्टीने पाहता जंगलच आहे. माणसाच्या दीडपट-दुप्पट उंचीचा ऊस, त्याच्या बुडाशी वाळलेल्या पाचटाचा थर, बांधावर कोरडे गवत, माथ्यावरून गेलेल्या विजेच्या तारा आणि गाळप हंगामात या सगळ्याच्या कडेला, त्याच पाचटाने शाकारलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या. जंगलातील वणव्याला जे जे लागते, ते सर्व येथे एका ठिकाणी मांडून ठेवलेले असते.

म्हणूनच जेथे खरोखरीचे वणवे पेटले, तेथे काय घडले, मदत कशी पोहोचली आणि जखमींचे पुढे काय झाले, हे समजून घेणे आपल्या उपयोगाचे आहे.

आग कशी चालते

आपल्या महाराष्ट्रातील बहुतेक जंगल पानगळीचे आहे. माघ-फाल्गुनात झाडे पाने टाकतात, जमिनीवर कोरडा पाचोळा साचतो आणि आग लागलीच तर ती या पाचोळ्यावरून सरपटत जाते. तिची ज्वाळा बहुधा गुडघ्या-कमरेपर्यंतच असते. परदेशातील सूचिपर्णी अरण्यांत आग शेंड्याशेंड्याने झाडावरून झाडावर उडते, तसा प्रकार आपल्याकडे विरळा. यामुळे वणवा म्हणजे दरसालची गोष्ट, लागतो आणि विझतो, अशी एक सैल समजूत समाजात रुजली आहे. ही समजूत घातक आहे. तीच आग उंच वाळलेल्या गवतात शिरली की पुरुषभर होते आणि चढावर लागली की तिचा वेग झपाट्याने वाढतो. उताराचा कोन दर दहा अंशांनी वाढला की आगीची चाल साधारण दुप्पट होते, असा वनखात्यांचा ठोकताळा आहे. वर चढणाऱ्या ज्वाळा पुढचे गवत आधीच तापवून वाळवून ठेवतात, हे त्याचे कारण. सपाट रानात चढाची जागा वारा घेतो. वाऱ्याने ज्वाळा पुढे झुकते, आणि जळत्या पानांचे तुकडे उडून आगीच्या तोंडापासून बरेच पुढे नवी आग लावतात. एका जागी लागलेली आग चार ठिकाणी दिसू लागते ती अशी.

राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ समजला जातो. त्यापूर्वी वनखाते जाळरेषा काढते. जंगलातील ठरावीक पट्टे साफ करून, तेथील गवत देखरेखीखाली आधीच जाळून टाकले जाते, जेणेकरून आग त्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरावी. बहुतेक वणवे मनुष्यनिर्मित असतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून रान जाळले जाते, कोणी विडीचे थोटूक टाकतो. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे. तथापि पोटासाठी मोहफुले वेचणाऱ्यावर खटला भरण्यापेक्षा त्याला झाडाखाली अंथरायला जाळी देणे अधिक फलदायी, असे आमचे मत आहे आणि काही ठिकाणी तसे प्रयोग झालेलेही आहेत.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीचे ठिकाण शोधून वनखात्यास कळवते. सुरुवातीच्या उपग्रह-उपकरणाला एक किलोमीटरच्या चौकटीएवढेच बारकाईने दिसत असे. २०१७ पासून वापरात आलेल्या उपकरणाची चौकट ३७५ मीटरची आहे. नोंदणी केलेल्यास हा इशारा भ्रमणध्वनीवर लघुसंदेशाने मिळतो. गडचिरोलीसारख्या वनाच्छादित जिल्ह्यांत असे इशारे मोठ्या संख्येने येतात. ही सोय उत्तम आहे, पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात पेटलेली आग तो पुढच्या फेरीलाच पाहणार. वाऱ्यावर स्वार झालेल्या आगीस तेवढा अवधी पुष्कळ होतो, आणि त्या अवधीत तिला पाहणारा असतो तो गावकरी.

आरे : शहराच्या कुशीतील आग

हीच गोष्ट ३ डिसेंबर २०१८ रोजी मुंबईत दिसली. गोरेगाव पूर्वेस, आरे वसाहतीलगतच्या डोंगराळ जंगलात, माहिती तंत्रज्ञान संकुलाच्या मागील बाजूस संध्याकाळच्या सुमारास आग लागली आणि पाहता पाहता डोंगरउतारावर पसरली. आरेच्या झाडीत आदिवासींचे पाडे आहेत, गोठे आहेत. पलीकडे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. देशातील सर्वांत सधन महापालिकेचे अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर होते. बंब आले, टँकर आले, परंतु ते उभे राहिले खालच्या रस्त्यावर. वर जायला वाट नव्हती. जवानांना नळ्या ओढत अंधारात पायी चढावे लागले, आणि जेथे नळी पोहोचली नाही तेथे झाडांच्या ओल्या डहाळ्यांनी आग झोडपून विझवावी लागली. पाड्यांवरील लोकांनी जनावरे सोडून सुरक्षित जागी नेली. आग आटोक्यात यायला रात्र झाली. मनुष्यहानी झाली नाही, ही त्यातील समाधानाची बाब. आग आपोआप लागली की जमिनीच्या लोभाने लावली गेली, याविषयी त्या वेळी पर्यावरणप्रेमींनी उघड शंका व्यक्त केल्या होत्या. तो आपला विषय नव्हे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, पाण्याचा बंब रस्त्यावर चालतो आणि आग रानातून. आपल्याकडे तर बंब असतो तो नगरपरिषदेकडे किंवा साखर कारखान्याकडे. तो शेतापर्यंत यायचा तर पाणंद हवी, आणि पाणंदीत उसाच्या ट्रॉल्या उभ्या नसाव्यात. या दोन अटी हंगामात एकदम पुऱ्या होतील, याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

कुरंगणी : जे रुग्णालयात पोहोचले त्यांचे काय झाले

त्याच वर्षी, ११ मार्च २०१८ च्या रविवारी, तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणास गेलेले दोन गट वणव्यात सापडले. बहुतेक तरुण होते आणि त्यांत महिलांची संख्या मोठी होती. कोळुक्कुमलैकडून उतरत असता वाळलेल्या उंच गवताने भरलेल्या उतारावर त्यांना आगीने गाठले. धावपळ झाली, काही जण घळीत शिरले. चढावर आग घळीतून धुराड्यासारखी वर येते, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्यांच्यापर्यंत सर्वप्रथम पोहोचले ते आसपासचे गावकरी आणि मळ्यांतील मजूर. त्यांनी घोंगड्या-चादरींच्या झोळ्या करून जखमींना खांद्यावरून उतरवले. वायुदलाची हेलिकॉप्टरे मदतीस आली, परंतु रात्रीच्या अंधाराने त्यांचे हात बांधलेले होते. जागेवर नऊ जण मृत आढळले. पुढील दिवसांत आणि आठवड्यांत, मदुराई व अन्यत्र उपचार चालू असताना, मृतांचा आकडा २३ वर गेला.

या दोन आकड्यांमधले अंतर प्रत्येक रुग्णालयाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. निम्म्याहून अधिक मृत्यू हे डोंगरातून जिवंत उतरवलेल्या माणसांचे होते. भाजलेला माणूस पहिल्या काही तासांत बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो, घरच्यांचे नंबर सांगतो. नातेवाइकांना वाटते, वाचला. आणि तिसऱ्या, दहाव्या, विसाव्या दिवशी तो जातो. मग रुग्णालयावर राग निघतो. हा राग समजण्यासारखा आहे, म्हणून भाजल्यानंतर शरीरात काय घडते ते येथे थोडे विस्ताराने सांगतो.

कातडी ही शरीराची भिंत आहे. ती आतले पाणी आत आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवते. मोठा भाग भाजला की पहिल्या चोवीस तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. अंगावर सूज चढते, आणि नाडीत मात्र रक्त पुरेसे राहत नाही. मूत्रपिंडे उपाशी पडतात. हा द्रव शिरेतून वेळेवर भरून काढला नाही, तर रुग्ण एक-दोन दिवसांतच दगावू शकतो. हा टप्पा निभावला की दुसरा शत्रू येतो, तो जंतुसंसर्ग. उघड्या मांसावर जंतू वाढतात, रक्तात उतरतात. उशिराचे बहुतेक मृत्यू यामुळे होतात. पहिल्या दिवशी द्रव कमी पडला असेल, तर दहाव्या दिवशी संसर्गाशी लढण्याची ताकदही कमी पडते.

आता हिशेब. किती भाग भाजला हे ठरवण्यासाठी डॉक्टर नऊचा नियम वापरतात. प्रौढ माणसाचे डोके नऊ टक्के, प्रत्येक हात नऊ, प्रत्येक पाय अठरा, पुढचे धड अठरा, पाठ अठरा आणि उरलेला एक टक्का जननेंद्रियाचा. लहान मुलांचे डोके शरीराच्या मानाने मोठे असल्याने त्यांचे गणित वेगळे. विखुरलेल्या जखमांसाठी रुग्णाचा स्वतःचा तळवा, बोटांसह, सुमारे एक टक्का धरतात. मग प्रचलित सूत्र असे : वजनाच्या प्रत्येक किलोमागे आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे चार मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, पहिल्या चोवीस तासांत. त्यातील निम्मे पहिल्या आठ तासांत.

ऊसतोडीला आलेला पन्नास किलो वजनाचा मजूर घ्या, चाळीस टक्के भाजलेला. चार गुणिले पन्नास गुणिले चाळीस म्हणजे आठ हजार मिलिलिटर, अर्थात आठ लिटर. अर्ध्या लिटरच्या सोळा बाटल्या, त्यांपैकी आठ पहिल्या आठ तासांत. अलीकडे अनेक ठिकाणी चारऐवजी कमी प्रमाणाने सुरुवात करून, ताशी लघवी किती होते हे पाहून द्रव कमी-अधिक करतात. प्रौढास किलोमागे ताशी साधारण अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, असा दंडक आहे. तरीही साठा करताना मोठा आकडाच धरावा लागतो.

यातील खरी मेख वेगळीच आहे. हे आठ तास रुग्ण रुग्णालयात आल्यापासून मोजायचे नसतात, भाजल्यापासून मोजायचे असतात. दुपारी एक वाजता भाजलेला मजूर, मुकादम शोधा, गाडी शोधा, मालकाला विचारा, असे करत चार वाजता आपल्या दारात आला, तर चार लिटर द्रव द्यायला आता पाचच तास शिल्लक आहेत. आणि येथून अंबडमार्गे जालना, तेथून छत्रपती संभाजीनगरची घाटी, हा प्रवास शिरेत सलाईन न लावता केला, तर हे आठ तास रस्त्यातच संपतात. आपल्या रुग्णालयात जळीत विभाग नाही, तो उभारण्याची आपली आर्थिक ताकदही नाही. परंतु पहिल्या आठ तासांतले काम हे जळीत विभागाचे नव्हेच. ते वाटेवरच्या रुग्णालयाचे आहे.

धुराविषयी एक मुद्दा. आगीत सापडलेल्या माणसाच्या अंगावर फोडसुद्धा नसेल, तरी धुरातील कार्बन मोनॉक्साईड त्याचा घात करू शकतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. कोविडच्या काळात घरोघर पोहोचलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवते. त्याला प्राणवायू चिकटलेले आणि हा विषारी वायू चिकटलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, आणि ते निःशंकपणे ९८ दाखवते. म्हणून धुरातून आलेल्या प्रत्येकाला, आकडा काहीही असो, मास्कने पूर्ण प्राणवायू लावायचा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास घेतो, शुद्ध प्राणवायूवर तास-दीड तासात निम्मा होतो. नाकातील केस जळाले असतील, आवाज घोगरा झाला असेल, थुंकीत काजळी असेल, तर घसा आतून सुजत आहे असे समजावे. अशा रुग्णाला पुढे पाठवण्यापूर्वीच श्वासनलिकेत नळी घालण्याचा निर्णय घ्यावा लागतो, कारण वाटेत ती घालता येत नाही.

पॅराडाईज : रुग्णालयच वणव्याच्या वाटेत येते तेव्हा

वरील दोन्ही घटनांत रुग्णालय सुरक्षित होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पॅराडाईज नावाच्या गावात तेही राहिले नाही. पाइन वृक्षांच्या दाटीत, डोंगराच्या सोंडेवर वसलेले सुमारे सव्वीस हजार वस्तीचे हे गाव. त्यात निवृत्त, वयोवृद्ध मंडळी पुष्कळ. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास वीज कंपनीच्या मनोऱ्यावरील, जवळजवळ शंभर वर्षे जुना, झिजलेला एक लोखंडी आकडा तुटला आणि विद्युत्‌भारित तार लोंबकळून ठिणग्या पडल्या. महिनोन्महिने पाऊस नव्हता, वारा सोसाट्याचा होता. काही तासांत गाव जळून गेले. ८५ माणसे मरण पावली, त्यांतील बहुसंख्य वृद्ध. अठरा हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. पुढे २०२० मध्ये त्या वीज कंपनीने न्यायालयात सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कबूल केले.

या गावाकडे आराखडा नव्हता असे नाही. २००८ च्या वणव्यांत रस्ते तुंबल्याचा अनुभव गाठीशी होता. गावाचे विभाग पाडले होते, कोणत्या विभागाने कोणत्या क्रमाने निघायचे हे ठरले होते. पण क्रमाक्रमाने निघायचे तर आगीनेही क्रमाने यायला हवे. उडत्या ठिणग्यांमुळे ती एकाच वेळी सगळ्या विभागांत आली आणि सव्वीस हजार माणसे मोजक्या रस्त्यांवर एकदम उतरली.

तेथील फेदर रिव्हर रुग्णालयात त्या सकाळी साठाहून अधिक रुग्ण होते, त्यांत अतिदक्षता विभागातील होते, बाळंतिणी होत्या. पुरेशा रुग्णवाहिका मिळणे शक्य नव्हते. परिचारिका, कर्मचारी आणि डॉक्टरांनी रुग्णांना स्वतःच्या खासगी मोटारींत बसवून बाहेर काढले. काही गाड्या आगीने आणि गर्दीने अडवल्या, तेव्हा त्यांना परत रुग्णालयाच्या आवारात यावे लागले, आणि इमारतीच्या कडेला आग असताना मोकळ्या फरसबंद जागेवर त्यांनी जखमींवर उपचार सुरू केले. रुग्ण वाचले. रुग्णालयाची इमारत काही अंशी वाचली, परंतु ते रुग्णालय म्हणून पुन्हा उघडले नाही.

हे वाचताना आमच्या मनात प्रथम आला तो अगदी कारकुनी प्रश्न. आपल्या रुग्णालयातील किती रुग्ण या क्षणी स्वतःच्या पायाने चालू शकतात, हे कोणाला सांगता येईल का? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. सात वाचवता आली. तेथे वणवा नव्हता, पण उचलून नेल्याशिवाय ज्यांना हलता येत नाही अशा रुग्णांचा प्रश्न तोच होता. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासण्या झाल्या. तपासणीचे प्रमाणपत्र भिंतीवर असणे आणि रात्रपाळीच्या मावशींना कोणता दरवाजा कोणत्या किल्लीने उघडतो हे ठाऊक असणे, या दोन वेगळ्या बाबी आहेत.

आपले शिवार

तीर्थपुरीस समर्थ सहकारी साखर कारखान्याचे सागर युनिट आहे. हंगाम सुरू झाला की टोळ्या येतात, कोप्या पडतात. उसाला आग लागण्याची कारणे शेतकऱ्यांना तोंडपाठ आहेत. लोंबकळणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासतात आणि ठिणगी पाचटात पडते, हे त्यांतील पहिले. कॅलिफोर्नियातील झिजलेला आकडा आणि आपल्या बांधावरचा झोळ पडलेला खांब, दोन्हींचे काम एकच. दुसरे कारण तोडणीनंतर शेतात पेटवून दिलेले पाचट, जे शेजारच्या उभ्या उसात शिरते. पाचट कुजवले तर जमिनीला खत होते, हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आहे. तिसरे कारण जरा नाजूक आहे. जळालेला ऊस तोडायला सोपा आणि तो लवकर गाळावा लागतो, अन्यथा वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून तोड मिळेना तेव्हा हताश शेतकरी स्वतःच फड पेटवतो. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात विक्रमी ऊस झाला, जून उजाडला तरी जालना-बीडकडचा ऊस पुरता संपला नव्हता, तेव्हा असे प्रकार पुष्कळ घडले. जळीत उसाला कपात लागते ती वेगळीच. या शेतकऱ्यांना दोष देणे आमच्या जिवावर येते. पण त्या फडाच्या कडेला कोणाची तरी कोपी असते आणि तोडणाऱ्या बाईचे मूल सावलीला फडाजवळच निजवलेले असते.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आता काही सूचना. रानात आग दिसली तर वाऱ्याच्या दिशेने पळू नये, वाऱ्याला आडवे होऊन बाजूला निघावे. नांगरलेले रान, कालव्याचे पात्र किंवा आधीच जळून गेलेली काळी जमीन गाठावी. उसाच्या सरीत शिरू नये. कपड्यांनी पेट घेतला तर धावू नये, जमिनीवर लोळावे. अंगावर टाकायचे तर जाड सुती गोधडी किंवा घोंगडी, नायलॉनचे काही नको. भाजलेल्या भागावर वाहते साधे पाणी वीस मिनिटे ओतावे. बर्फ नको, टूथपेस्ट, हळद, शाई, शेण तर मुळीच नको. ते सर्व खरवडून काढताना रुग्णाला ज्या वेदना होतात त्या पाहवत नाहीत. जखम मोठी असल्यास, विशेषतः मूल असल्यास, पाणी ओतून झाल्यावर त्याला कोरड्या स्वच्छ चादरीत गुंडाळून उबेत ठेवावे. बांगड्या, अंगठ्या, करदोडा, जोडवी सूज येण्यापूर्वी काढावीत. फोड फोडू नयेत, त्वचेला चिकटलेले कापड ओढू नये. आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. २०१४ पासून राज्यात चालू असलेली ही रुग्णवाहिका सेवा विनामूल्य आहे. मुकादमाच्या परवानगीची वाट पाहू नये.

देणगीदारांशी थोडे मोकळेपणाने बोलायचे आहे. यंत्रासाठी देणगी मिळते, खोलीसाठी मिळते, कारण तेथे नावाची पाटी लागते. रिंगर लॅक्टेटच्या बाटलीवर कोणाचे नाव कोरता येत नाही आणि ती सहा दिवसांत वापरली जाते किंवा मुदत संपून टाकून द्यावी लागते. लेखापरीक्षकांच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार नुकसानीत जमा होतो. तरीही एकाच वेळी पाच जळीत रुग्ण आले, तर वरच्या हिशेबाने एका दिवसाला ऐंशी बाटल्या लागतील. त्यांना पुढे पाठवण्यापूर्वीच्या तासांत निम्म्या तरी हाताशी हव्यात, आणि त्या विकत आणायला जालन्यास माणूस धाडण्याइतका वेळ नसतो. म्हणून गाळप हंगामापुरता हा साठा स्वतंत्र ठेवावा आणि मुदतीपूर्वी तो अन्य रुग्णांसाठी फिरवून वापरावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्याची अंदाजित रक्कम पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात 'आपत्कालीन साठा' या शीर्षाखाली स्वतंत्र दाखवली आहे.

दानाचा आणखी एक प्रकार अनेकांना माहीत नसतो. मोठ्या भाजलेल्या रुग्णाला स्वतःची कातडी लावायला अंगावर जागाच उरत नाही, तेव्हा मृत व्यक्तीची त्वचा तात्पुरते आच्छादन म्हणून लावतात. तिच्यामुळे द्रव पाझरणे व संसर्ग दोन्ही आटोक्यात राहतात. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ येथून पातळ पापुद्रा काढला जातो. चेहऱ्याला हात लावत नाहीत, शरीर विद्रूप होत नाही, रक्तगट जुळावा लागत नाही. ही त्वचा ग्लिसरॉलमध्ये काही वर्षे टिकते. मुंबईचे शीव रुग्णालय आणि ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर येथे त्वचापेढ्या आहेत. नेत्रदानाचे अर्ज आपण भरून घेतोच, त्यासोबत त्वचादानाची माहितीपत्रकेही आता स्वागतकक्षात ठेवली आहेत. आपल्या भागापासून या पेढ्या दूर आहेत, ही अडचण खरी आहे. परंतु या गावातील पुष्कळ मुले-मुली मुंबई-पुण्यास स्थायिक आहेत, आणि आईवडील अखेरच्या काळात बहुधा त्यांच्याकडेच असतात.

येत्या हंगामात कोप्या पडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात रुग्णालयातर्फे टोळ्यांच्या मुकादमांची आणि कामगार महिलांची बैठक घेण्यात येणार आहे. दोन कोप्यांमध्ये अंतर किती, चुली कोणत्या बाजूस, भरलेली पिंपे कोठे, फडावर नेलेल्या मुलांना कोठे बसवायचे आणि रुग्णवाहिका पाणंदीच्या कोणत्या तोंडापर्यंत येऊ शकते, हे तेथे प्रत्यक्ष पाहून कागदावर घेतले जाईल. त्याची एक प्रत आपल्या अपघात विभागातील दूरध्वनीशेजारी, एक रुग्णवाहिकेच्या चालकाजवळ आणि एक कारखान्याच्या शेतकी कार्यालयात राहील.